घरी शिवलेल्या पॉटहोल्डरमधून चटका बसतो? भरण बदलण्याआधी आणि बदलताना काय तपासाल

घरी शिवलेली पॉटहोल्डर, म्हणजे गरम भांडं धरायची कापडी पॅड, उसवून पुन्हा भरून द्यायचं काम माझ्याकडे सतत येतं. तक्रार जवळपास ठरलेली असते: "यातून हात भाजतो, आत काहीतरी उष्णतारोधक घालून द्या." उसवून पाहिलं की बऱ्याचदा आतलं भरण चांगलं निघतं. फक्त ते दमट असतं, चेपलेलं असतं किंवा एका कोपऱ्यात गोळा झालेलं असतं. भरण खरोखर चुकीचं निघालं तर त्याचं कारण बहुधा एकच असतं, ते वितळणाऱ्या धाग्याचं असतं. म्हणून नवं महागडं भरण आणायला धावू नका. आधी खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या काहींना खर्च शून्य आहे.

लक्षणं

- भांडं फार तापलेलं नसतानाही धरल्याबरोबर चटका बसतो.
- उचलताना ठीक वाटतं, पण भांडं खाली ठेवेपर्यंत हाताला सोसवत नाही.
- चटका एकाच ठरावीक जागी बसतो: टाक्यांच्या रेषेवर, मधल्या एखाद्या चौकोनात किंवा कडेला.
- पॅडचा काही भाग कडक, पापडासारखा झाला आहे. दाबला की आत काहीतरी कडकन मोडल्यासारखं वाटतं.
- कापड पिवळं-तपकिरी पडलंय, जळका वास येतो.
- धुतल्यावर पॅड आखडलं आणि आत गोळे हाताला लागतात.

पहिलं लक्षण असेल तर ओल तपासा, दुसरं असेल तर जाडी. कडक झालेला भाग म्हणजे आत प्लॅस्टिकजन्य धागा वितळून थिजलाय. अशा पॅडला बाकीच्या तपासण्या लावत बसू नका, थेट उसवायला घ्या.

ओल

पॅड गालाला लावून बघा. कापड दमट असेल तर गालाला गार लागतं. कामाने राठ झालेल्या तळव्याला हा फरक कळेलच असं नाही. पॅडने ओटा पुसला जातो, ओल्या हातांनी ते धरलं जातं, झाकण उचलताना वाफ त्यात मुरते. वरचं कापड लवकर वाळतं, आतला कापूस मात्र बराच वेळ ओल धरून ठेवतो. त्यामुळे वरून कोरडं दिसणारं पॅड आतून दमट असणं अगदी सर्रास आहे.

यात गोम अशी की उष्णता अडवण्याचं खरं काम कापूस करतच नाही. ते करते तंतूंच्या जाळीत अडकून पडलेली हवा. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की गणित उलटतं, कारण स्थिर पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता पुढे नेतं. त्यात भांडं १०० अंश सेल्सियसच्या वर तापलेलं असेल तर आतल्या ओलीची वाफ होते. ती हाताच्या बाजूला येऊन पुन्हा पाणी होते आणि तसं होताना सगळी उष्णता कातडीला देऊन टाकते. ओल्या पॅडचा चटका असा अचानक आणि झोंबणारा असतो तो यामुळे.

पॅड दोन्ही बाजूंनी, आतपर्यंत वाळवा आणि मगच पुन्हा वापरून बघा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. दोन पॅड आलटून पालटून वापरली तर एकाला वाळायला वेळ मिळतो. पुसायला वेगळं फडकं ठेवा, हे सांगूनही कोणी ऐकत नाही, पण सांगतो. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. त्याचा स्निग्ध थर सुतावर बसतो आणि टॉवेल किंवा फ्लॅनेलसारखं लवदार कापड त्यामुळे आगीला लवकर बळी पडतं.

चिमटीतली जाडी

टेबलावर ठेवलेल्या पॅडची जाडी मोजण्यात अर्थ नाही. जड भांडं उचलताना जितका जोर लावता तितक्या जोराने पॅड अंगठा आणि बोटांत दाबा आणि कडेला पट्टी धरून दुसऱ्या कोणाला तरी वाचायला सांगा. उशीत घालतात तसला फुगीर पॉलिस्टरचा पिसारा वरून दोन सेंटीमीटर दिसतो आणि चिमटीत जवळजवळ नाहीसा होतो. घट्ट विणलेला जाड टॉवेल दिसायला पातळ असतो, पण दाबल्यावरही बऱ्यापैकी टिकून राहतो.

माझा हिशेब असा: उकळत्या पदार्थांच्या भांड्यांसाठी दाबल्यावर अर्धा सेंटीमीटर उरला पाहिजे, ओव्हनसाठी त्याहून थोडा जास्त. एक सेंटीमीटरच्या पुढे मात्र जाऊ नका. तेवढ्या जाडीतून भांड्याचा कान बोटांना जाणवत नाही, भांडं निसटतं, आणि सांडलेल्या उकळत्या पाण्यापुढे पॅडमधून बसलेला चटका काहीच नाही.

जाडी इतकी का मोजायची? पॅडचं काम उष्णता कायमची रोखायचं नाही, तिला उशीर लावायचं आहे. त्याच भरणाची जाडी दुप्पट केली की उष्णता पलीकडे पोचायला लागणारा वेळ ढोबळमानाने चौपट होतो. "उचलताना ठीक, ठेवताना असह्य" या तक्रारीत एक थर वाढवल्याने एवढा फरक पडतो तो म्हणूनच. भरण बदलायचीही गरज नसते. चांगल्या स्थितीतलं जुनं पॅड नव्या खोळीत तसंच सरकवून एक सुती थर वाढवला तरी भागतं.

नेमकं काय उचलता?

याला पैसे लागत नाहीत, थोडा विचार लागतो. पाणी उकळत असलेल्या भांड्याचा पाण्यालगतचा भाग १०० अंशांच्या आसपास असतो. तळणीचं तेल १७० ते १९० अंशांवर असतं. ओव्हनमधला ट्रे साधारण १८० ते २३० अंशांवर बाहेर येतो. मोठ्या आचेवर रिकामं तापत ठेवलेलं लोखंडी भांडं २५० अंश सहज ओलांडतं.

आता या आकड्यांशेजारी धाग्यांचे आकडे ठेवा. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळतं. नायलॉन त्याच्या प्रकारानुसार २२० ते २६५ अंशांना आणि पॉलिस्टर २५० ते २६० अंशांना वितळतं, पण पॉलिस्टर त्याच्या बरंच आधी मऊ पडून चेपायला लागतं. सूत आणि लोकर वितळतच नाहीत. सूत आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग कोळसा होतो. म्हणजे ते बिघडण्याआधी डोळ्यांना दिसतं आणि नाकाला कळतं. मला सुताचा हा गुण त्याच्या बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोलाचा वाटतो.

वितळणाऱ्या धाग्याचा दोष दुहेरी आहे. तो जिथे वितळतो तिथलीच जाडी जाते, म्हणजे भांडं जिथे टेकलंय नेमक्या त्या जागी पॅड उघडं पडतं. आणि वितळलेलं प्लॅस्टिक कापडातून झिरपून कातडीला लागलं तर ते चिकटून बसतं आणि भाजत राहतं.

त्यामुळे फक्त झाकणं आणि उकळतं पाणी हाताळणाऱ्याच्या पॅडमध्ये थोडं पॉलिस्टर निघालं तर मी ते घाईने फेकत नाही. ओव्हनसाठी आणि लोखंडी भांड्यांसाठी मात्र आत निव्वळ सूत किंवा निव्वळ लोकरच हवी.

उजेडासमोर धरा

पॅड दिव्यासमोर धरा. फिक्या कापडात भरण कुठे दाट आणि कुठे विरळ आहे ते लगेच दिसतं. कापड गडद असेल तर दोन्ही हातांच्या बोटांनी एकेक चौकोन चाचपून बघा. सुटा पिंजलेला कापूस भरून लांब लांब टाके घातले असतील तर दोन-चार धुण्यांत तो कडेला सरकतो आणि मध्ये फक्त दोन कापडं उरतात. ठरावीक जागी बसणाऱ्या चटक्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण म्हणजे टाके. मशीनच्या टाक्याखाली भरण पूर्ण चेपलं जातं, तिथे अडकलेली हवा उरत नाही. नक्षी हौसेने दाट घातली की अशा रेषा जागोजागी होतात आणि प्रत्येक रेषेतून उष्णता आरपार जाते. इतकं सुंदर काम उसवायचा धीर होत नसेल तर हाताच्या बाजूला टाके न घातलेला जाड टॉवेलचा एक थर फक्त कडेने शिवून टाका. रेषा झाकल्या जातात.

कोपरा उसवून ज्योतीची चाचणी

इथून पुढे मेहनत आहे. गोटाची (कडेच्या पट्टीची) दोन बोटं शिवण उसवा आणि प्रत्येक थराची चिमूटभर वेगळी काढा. वरचं कापड, अस्तर आणि शिलाईचा दोराही घ्या. सिंकमध्ये धातूची ताटली, शेजारी पाणी, केस बांधलेले, बाही वर. चिमूट लांब चिमट्यात धरून ज्योतीच्या कडेला न्या, आत खुपसू नका.

सूत लगेच पेटतं, कागद जळल्याचा वास येतो आणि ज्योत विझल्यावरही कडेला निखारा धुमसत राहतो. मागे मऊ करडी राख उरते. लोकर नाखुशीने जळते, ज्योतीपासून दूर नेली की बहुधा आपोआप विझते, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला काळा भाग बोटांत चुरडला जातो. पॉलिस्टर ज्योत जवळ येताच आक्रसून मागे सरकतं, वितळतं, थेंब गाळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. ॲक्रिलिक भडकन पेटतं आणि काळा, ओबडधोबड, कडक गोळा ठेवतं.

राख पूर्ण निवल्यावर बोटांत घासून बघायला विसरू नका. राख मऊ वाटतेय, पण मधूनच वाळूसारखे कण टोचतायत, तर ते मिश्रण आहे. "कॉटन" म्हणून विकलेल्या बऱ्याच चादरींत आणि बॅटिंगमध्ये, म्हणजे भरणासाठी मिळणाऱ्या तयार सपाट थरात, पॉलिस्टर मिसळलेलं असतं. पाकिटावर ८०/२० असं लिहिलं असेल तर त्यातला २० चा भाग बहुधा तोच. बांबूच्या नावाने मिळणाऱ्या बॅटिंगचंही असंच. तिच्यातला व्हिस्कोस (बांबूच्या लगद्यापासून केलेला धागा) वितळत नाही, पण सोबत काय मिसळलंय ते बघावंच लागतं.

जुन्या स्वेटरांच्या बाबतीत ही चाचणी न चुकता करा. "लोकरीचा" म्हणून कपाटात जपलेला स्वेटर प्रत्यक्षात ॲक्रिलिकचा निघणं नेहमीचं आहे. हाताला फरक कळत नाही, ज्योतीला कळतो. ताणल्या जाणाऱ्या जीन्समध्येही इलास्टेन हा वितळणारा कृत्रिम धागा असतो, ती आत घालू नका.

चमकी थर आणि त्याच्याबद्दलचा गैरसमज

पॅड दाबल्यावर आतून चुरचुर आवाज येत असेल तर आत चमकी फिल्मचा थर आहे. हा "उष्णतारोधक" थर म्हणून मिळतो. बहुतेक वेळा तो धातूचा मुलामा दिलेली पातळ पॉलिस्टर फिल्म आणि तिच्या दोन्ही बाजूंना ठोकून बसवलेले पॉलिस्टरचेच तंतू, असा बनलेला असतो. म्हणजे वितळणाऱ्यांच्या यादीतलाच.

चमक परतवते ती प्रारणाने, म्हणजे स्पर्श न होता किरणांनी येणारी उष्णता, आणि तीही समोर थोडी मोकळी जागा असेल तर. आपण पॅड तापलेल्या धातूवर दाबून धरतो, तिथे उष्णता स्पर्शाने येते. म्हणून एकट्या चमकी थरावर भरवसा ठेवून केलेलं पॅड छान दिसतं आणि चटके देतं. सुती थरांसोबत तो जरूर कामाचा आहे. मात्र त्याच्या आणि भांड्याच्या मध्ये निदान एक पूर्ण सुती बॅटिंग हवी, हाताच्या बाजूला आणखी एक. एकच बाजू चमकदार असेल तर ती भांड्याकडे ठेवा आणि पॅडच्या त्या बाजूला वेगळं कापड लावा, नाहीतर वापरताना उलटसुलट होणारच. असं पॅड मायक्रोवेव्हमध्ये भांड्याखाली ठेवायचं नाही, धातूमुळे ठिणग्या उडतात.

नवं भरण घालताना

मी बहुतेकांना शंभर टक्के सुती बॅटिंगचे दोन थर आणि हाताच्या बाजूला टॉवेलचा एक थर देतो. बॅटिंग मिळाली नाही तर जुन्या सुती टॉवेलचे तीन-चार थर. यात दिखाऊ काही नाही, पण धुवायला सोपं पडतं आणि दाबल्यावर टिकतं. खरी लोकर मिळाली तर ती सुतापेक्षा सरस, कारण ती पेट लवकर घेत नाही. गरम पाण्यात धुऊन मुद्दाम आटवलेला, नमद्यासारखा दाट झालेला लोकरी थर चेपतही कमी.

काही गोष्टी कोणीही कितीही सांगितलं तरी घालू नका. फोम पेटतो आणि विषारी धूर सोडतो. उशीतला पॉलिस्टरचा पिसारा नको. सावरीचा कापूस हलका आणि मऊ असतो, पण फार चटकन पेटतो. काचतंतूची घोंगडी उष्णतेला भीत नाही, पण तिचे तुटके तंतू कापडातून बाहेर येऊन कातडीत रुततात आणि श्वासातही जातात.

कापड आणि भरण दोन्ही शिवण्याआधी गरम पाण्यात धुऊन वाळवा. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात आटते, आधी आटवली नाही तर पॅड वेडंवाकडं होतं.

दोरा सुतीच वापरा. आतलं सगळं सुती आणि शिलाई पॉलिस्टरची असेल तर कडक तापलेल्या लोखंडावर पहिली जाते ती शिलाई. गोटालाही हेच लागू. तयार मिळणारी पट्टी बरेचदा मिश्र धाग्याची असते, तिचा तुकडाही ज्योतीवर बघा. टाक्यांच्या ओळींत चार-पाच सेंटीमीटर अंतर पुरतं. लटकवायचा बंद आखूड ठेवा. लांब बंद आचेत लोंबकळतो, आणि धातूची कडी लावलीत तर तीच तापून चटका देते.

हातात घेण्याआधी परीक्षा

स्टीलच्या भांड्यात नुकतंच उकळलेलं पाणी काठापर्यंत न भरता ओता आणि भांडं सपाट जागी ठेवा. उचलायचं नाही. कोरडं पॅड पाण्याच्या उंचीवर बाहेरून दाबून धरा आणि सावकाश पंधरा मोजा. युरोपच्या ईएन ४०७ या हातमोज्यांच्या मानकात स्पर्श-उष्णतेची सर्वांत खालची पातळी १०० अंशांना किमान १५ सेकंद अशी आहे. आपली घरगुती परीक्षा म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, पण मोजायला तो अंदाज बरा. पंधराच्या आत तळवा मागे घ्यावासा वाटला तर एक थर वाढवा. मग जागा बदलून टाक्यांच्या रेषेवर आणि कडेलाही हेच करा. लोक नेमकं तेच टाळतात.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

मोठ्या आचेवर रिकामं तापलेलं लोखंडी भांडं, भट्टी, निखारे, म्हणजे २५० अंश आणि त्यापुढचं काम असेल तर शिवणकाम बाजूला ठेवा. ईएन ४०७ मध्ये स्पर्श-उष्णतेच्या पातळ्या १००, २५०, ३५० आणि ५०० अंशांच्या आहेत. आपल्या कामाच्या पातळीचे प्रमाणित हातमोजे विकत घ्या. पॅड विकायला करत असाल आणि पाकिटावर अंशांचा दावा छापायचा असेल, तर आधी चाचणी प्रयोगशाळेकडून तपासून घ्या.

पॅडच्या कडाच वारंवार करपत असतील तर दोष पॅडचा नसू शकतो. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर पसरतेय का बघा. आच कमी करूनही पसरत असेल किंवा ज्योत निळी न राहता पिवळी झाली असेल, तर शेगडी दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. स्वतः उघडू नका. ओव्हनमध्ये नेहमीच्या अंशांवर पदार्थही करपायला लागले असतील तर थर्मोस्टॅट तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. भांड्याचा कान हलत असेल तर पॅड कितीही चांगलं असो, ते भांडं आधी दुरुस्तीला द्या.

कोणाच्या अडगळीतलं फार जुनं, करड्या-पांढऱ्या तंतुमय पुठ्ठ्यासारखं भरण असलेलं पॅड हाती आलं तर ते उसवू, झटकू किंवा जाळून बघू नका. एके काळी अशा वस्तूंत ॲस्बेस्टॉस वापरलं जायचं. दोन पिशव्यांत बंद करा आणि घातक कचरा हाताळणाऱ्या यंत्रणेला विचारा.

आणि चटका बसलाच तर अंगठी-बांगडी लगेच काढा, हात वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, तेल, तूप काहीही लावू नका. वितळलेलं प्लॅस्टिक कातडीला चिकटलं असेल तर ओढून काढू नका, पाण्याखाली थंड करा आणि तसंच डॉक्टरकडे जा. फोड आले, कातडी पांढरी किंवा काळी पडली, भाग बधिर झाला किंवा बोटांच्या सांध्यांवर भाजलं असेल, तरीही डॉक्टरच.